आधी रेघ, मग टाइल
(आपल्या मंडळाच्या देवपूर येथील वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



या मेळाव्यात दरवर्षी विद्वान वक्त्यांची भाषणे होतात. शिक्षणाचे महत्त्व, हुंड्याची अनिष्ट चाल, तरुणांचे कर्तव्य, संघटनेची आवश्यकता हे विषय आपण सर्वांनी श्रद्धापूर्वक ऐकले आहेत. यंदा दोन शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली, तेव्हा आम्ही विषय कळविला तो असा : 'न्हाणीघराच्या भिंतीवर विटांच्या बांधणीप्रमाणे टाइल बसविण्याची आखणी.' चिटणिसांनी आम्हांस दोनदा विचारले, "गुरुजी, विषय हाच ना?" आम्ही म्हणालो, "हाच." आयुष्यभर फळ्यावर रेघा ओढलेल्या शिक्षकाने भिंतीवरील रेघांविषयी बोलावे यात वावगे काही नाही. शिवाय तसे बोलण्यास या वर्षी सबळ कारणही आहे.

ते कारण आपणां सर्वांस ठाऊक आहे. देवपुरात आपल्या समाजाच्या मुलींसाठी वसतिगृह उभे राहत आहे. स्लॅब पडला आहे, भिंती उभ्या झाल्या आहेत, गिलावा व्हावयाचा आहे. शिरपूर, साक्री, शिंदखेडे, पारोळे, अमळनेर या बाजूंच्या खेड्यांतून मुली येथील महाविद्यालयांत शिकावयास येतात. आम्ही अनेक वर्षे पालकांच्या संगतीत काढली, त्यावरून सांगतो, की मुलीला शहरात ठेवताना आईचा पहिला प्रश्न फीचा नसतो, ग्रंथालयाचाही नसतो. ती हळूच विचारते, "न्हाणीघर कसे आहे? पाणी असते का? दार लागते का?" ज्या भिंतींवर शेवाळ चढले आहे, ज्यांच्या टाइल निखळून खाली पडल्या आहेत आणि ज्यांच्या ओलीने शेजारच्या खोलीतील वह्या भिजतात, अशा भाड्याच्या जागेतून मुलीला परत घेऊन जाणारे पालक आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. कापूस विकून आलेल्या पैशांतून ज्यांनी या इमारतीस देणगी दिली, त्यांचा रुपया त्या भिंतीवर बसणार आहे. तो नीट बसला पाहिजे.

बांधकाम समितीत गेले काही महिने एक चर्चा चालू आहे. तरुण सभासदांची इच्छा अशी, की मुंबई-पुण्याकडे चालतात तशा विटेच्या आकाराच्या पांढऱ्या छोट्या टाइल, एका थराचा सांधा दुसऱ्या थराच्या मध्यावर येईल अशा रीतीने बसवाव्या. ज्येष्ठांचे म्हणणे असे, की ही नवी हौस कशाला? मोठ्या टाइल लावा, काम लवकर उरकेल. दोन्ही पक्षांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. निर्णय समितीने करावा. परंतु निर्णयापूर्वी ही गोष्ट काय आहे, कोठून आली आणि ती नीट कशी करावी, हे सभेपुढे मांडणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे, की ही हौस नवी नाही. सांध्यावर सांधा येऊ नये हा नियम वीट जितकी जुनी तितकाच जुना आहे. आपल्याकडील शुल्बसूत्रांत यज्ञवेदी रचण्याची रीत दिली आहे. श्येनचितीचे, म्हणजे पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराच्या वेदीचे, पाच थर असतात व प्रत्येक थरात दोनशे विटा असतात. पहिला, तिसरा व पाचवा थर एका रचनेचा, तर दुसरा व चौथा निराळ्या रचनेचा. हेतू हाच, की खालच्या विटांचा सांधा वरच्या विटेने झाकला जावा. सिंधू संस्कृतीच्या नगरांतील भाजलेल्या विटांची जाडी, रुंदी व लांबी एकास दोन, दोनास चार या प्रमाणात आढळते. आणि मोहेंजोदडो येथील घराघरांतून विटांनी बांधलेल्या न्हाण्या सापडल्या आहेत. म्हणजे वीट, न्हाणी आणि सांधेमोड यांचा संबंध या भूमीवर चार हजार वर्षांहून अधिक जुना आहे. आपल्या मराठी मुलुखात तेर येथील त्रिविक्रमाचे प्राचीन मंदिर विटांचेच आहे. भिंतीवर चकाकणारी टाइल बसविण्याची कलाही आपल्या शेजारी जुनी आहे. बीदर येथे १४७२ मध्ये बांधून झालेल्या महमूद गवानच्या मदरशावर रंगीत टाइलींचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.

विटेच्या आकाराची पांढरी चकचकीत टाइल सार्वजनिक जागेत जगभर गाजली ती भुयारी रेल्वेमुळे. पॅरिसची भुयारी रेल्वे १९०० मध्ये सुरू झाली, न्यूयॉर्कची १९०४ मध्ये. न्यूयॉर्कच्या स्थानकांचे वास्तुशिल्पी हाइन्स व लाफार्ज यांनी तेथे तीन इंच उंच व सहा इंच लांब अशा टाइल वापरल्या. भुयारात सूर्यप्रकाश नसतो, म्हणून थोडा प्रकाशही परतून यावा आणि भिंत पाण्याने धुता यावी, हा त्यातील उपयोग. पुढे इस्पितळे, दूधकेंद्रे व स्वयंपाकघरे यांनी तीच रीत उचलली. आमच्या वसतिगृहाची न्हाणीघरे आतल्या बाजूस आहेत, खिडक्या लहान आहेत. तेव्हा प्रकाश व स्वच्छता हे दोन्ही हेतू येथेही लागू पडतात.

आता एक मूलभूत फरक ध्यानी घ्यावा. विटांच्या भिंतीत सांधेमोड ही ताकद आहे. वरचा भार एका विटेवरून खालच्या दोन विटांवर वाटला जातो आणि भेग सरळ खाली धावत नाही. टाइलच्या भिंतीत सांधेमोड ही नुसती नक्षी आहे. टाइल शेजारच्या टाइलवर टेकून उभी राहत नाही, तर पाठीमागच्या मसाल्याने गिलाव्याला धरून राहते. म्हणून "विटांसारखी बसवली म्हणजे मजबूत झाली" या समजुतीत कोणी राहू नये. मजबुती गिलाव्यात आणि मसाल्यात आहे, तर नक्षीची शोभा सर्वस्वी आखणीत आहे.

या नक्षीचा स्वभावही ओळखला पाहिजे. सांध्यावर सांधा ठेवून टाइल लावल्या, तर उभी रेघ वरपासून खालपर्यंत सलग जाते आणि एखादी टाइल कणभर लहानमोठी निघाली तरी ती रेघ वाकडी दिसते. विटांच्या रचनेत उभी रेघ प्रत्येक थराला तुटते, त्यामुळे टाइलचा लहानसा दोष लपतो. परंतु त्याच कारणाने सारी नजर आडव्या रेघांवर जाते. आडवी रेघ जरा कलली, की दारातून पाऊल टाकणाऱ्या माणसाला ती प्रथम दिसते. शिवाय एकाआड एक थरातील उभे सांधे ओळंब्यात आले नाहीत, तर सारी भिंत लचकल्यासारखी भासते. सारांश, ही रचना टाइलचा अपराध पोटात घालते, पण गवंड्याचा घालीत नाही.

आता हिशेब. आम्ही मुलांना शिकविलेले अंकगणित व भूमिती यांपलीकडे यात काहीही लागत नाही. आपल्या एका न्हाणीघराची समोरची भिंत गिलाव्यानंतर १५२० मिलिमीटर रुंद होईल असे धरू. म्हणजे सुमारे पाच फूट. टाइल २०० मिलिमीटर लांब व १०० मिलिमीटर उंच. दोन टाइलींमधील सांधा २ मिलिमीटर. दोन्ही कोपऱ्यांत २-२ मिलिमीटर फट सोडावयाची, कारण भिंती उन्हाने व ओलीने किंचित हालतात. भिंतीचा मध्य काढून तेथे ओळंब्याने उभी रेघ मारा. पहिल्या थरात एका टाइलचा मध्य त्या रेघेवर ठेवा. भिंतीची अर्धी रुंदी ७६०. त्यातून अर्धी टाइल १०० गेली. पुढे तीन टाइल व तीन सांधे मिळून ६०६ गेले. राहिले ५४. त्यातून एक सांधा व कोपऱ्याची फट वजा जाता उरला तुकडा ५० मिलिमीटरचा. दुसऱ्या थरात टाइलचा मध्य न ठेवता सांधा रेघेवर ठेवा. असाच हिशेब केल्यावर तुकडा येतो १५१ मिलिमीटरचा. म्हणजे एका थराच्या टोकाला पाव टाइल आणि पुढच्या थराच्या टोकाला पाऊण टाइल, दोन्ही कोपऱ्यांत सारखीच. दिसावयास हे सुरेख आहे.

परंतु शिक्षकाची खोड अशी, की उत्तर आल्यावर ताळा करून पाहावयाचा. ५० आणि १५१ यांची बेरीज २०१ होते. टाइल २०० ची. म्हणजे अवघ्या एका मिलिमीटरसाठी, आणि कापणाऱ्या पात्याच्या जाडीसाठी, एका टाइलमधून हे दोन्ही तुकडे निघत नाहीत. आता सांधा २ ऐवजी ३ मिलिमीटर धरा आणि पुन्हा हिशेब करा. तुकडे येतात ४६ आणि १४७॥, बेरीज १९३॥. पाते दोन मिलिमीटर खाऊन गेले तरी दोन्ही तुकडे एकाच टाइलमधून निघतात. तुकड्याची कारखान्यातील गुळगुळीत कड सांध्याकडे व कापलेली कड कोपऱ्याकडे यावी लागते, आणि टाइलला अशा कडा दोनच असतात. म्हणून एका टाइलमधून फार तर दोन तुकडे कामी येतात. पहिल्या हिशेबात दर दोन थरांना तुकड्यांसाठी तीन टाइल लागतात, दुसऱ्या हिशेबात दोन. वीस थरांच्या भिंतीत दहा टाइल वाचल्या. एका भिंतीला सुमारे दीडशे टाइल लागतात, हे पाहता ही बचत लहान नव्हे. आणि तिला कागद, पेन्सिल व पाव तास एवढाच खर्च आला. थेंबे थेंबे तळे साचे असे आपण म्हणतो, पण तळे गळतेही थेंबाथेंबानेच.

दुसरे उदाहरण घेऊ. बाजूची भिंत १४३० मिलिमीटर आहे. टाइल तीच, सांधा २. मध्यावर टाइल ठेवून मोजले, तर टोकाला तुकडा येतो फक्त ५ मिलिमीटरचा. अशी चीप कापता येत नाही; कापली तर तुटते, आणि बसविली तर कोपऱ्यात दातासारखी दिसते. हिशेब न करता काम सुरू करणारा गवंडी सात टाइल लावून कोपऱ्याशी पोहोचतो, तेव्हा त्याला हे कळते. मग ती जागा तो पांढऱ्या सिमेंटने भरून टाकतो. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच. येथे उपाय दोन आहेत. सांधा ४ मिलिमीटर केला, तर सात अखंड टाइल व सहा सांधे मिळून १४२४ होतात, उरलेले सहा मिलिमीटर दोन कोपऱ्यांत तीन-तीन वाटले जातात आणि तुकडाच लागत नाही. दुसऱ्या थराच्या टोकांना ९८ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ अर्धा, तुकडा येतो. परंतु एका भिंतीला तीनचा सांधा व दुसरीला चारचा, असे मात्र करू नये. कारण आडवे थर कोपऱ्यात एकमेकांस मिळाले पाहिजेत. तेव्हा सर्व भिंतींचा हिशेब एकत्र मांडून एकच सांधा ठरवावा. ते न जमले तर दुसरा उपाय : दोन्ही टोके सारखी असावीत हा आग्रह सोडून रचना पाव टाइल सरकवावी. १४३० च्या भिंतीत दोनचाच सांधा ठेवून डावीकडे १५० चा तुकडा लावून आरंभ केला, तर उजवीकडे साठाच्या पुढचा तुकडा येतो आणि चीप टळते. समोरच्या भिंतीवर समतोल हवा, कारण ती दारातून दिसते. बाजूच्या भिंतीवर तो नसला तरी कोणाच्या ध्यानात येत नाही.

आणि येथेच आजच्या या भाषणाची निकड आहे. गिलावा अद्याप झालेला नाही. विटांची भिंत एकदा उभी राहिली म्हणजे हलत नाही, पण गिलाव्याची जाडी चार-पाच मिलिमीटर कमी-जास्त ठेवणे आज आपल्या हाती आहे. नळाचे पाइप भिंतीत अजून पुरलेले नाहीत. नळाचे तोंड टाइलच्या मध्यावर किंवा बरोबर सांध्यावर यावे, असे आज ठरविता येते. पुढच्या महिन्यात ते ठरविता येणार नाही. हिशेब गिलाव्याच्या आधी झाला तर भिंत टाइलला मिळते. नंतर झाला तर टाइलला भिंतीशी भांडावे लागते.

उंचीची गोष्ट निराळी आहे. पुष्कळ ठिकाणी गवंडी जमिनीवर पहिली टाइल टेकवून वर चढत जातो. हे साफ चुकीचे आहे. न्हाणीघराची जमीन सपाट नसते. पाणी वाहून जावे म्हणून तिला जाळीकडे उतार दिलेला असतो. ८० ला १ असा उतार धरला तर दीड मीटरच्या लांबीत तो सुमारे २० मिलिमीटर होतो. जमिनीवरून आरंभ केला तर तो उतार प्रत्येक आडव्या रेघेत शिरेल. म्हणून आधी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने चारही भिंतींवर एका पातळीची खूण करावी व दोरीला रंग लावून रेघ उठवावी. पाण्याइतका प्रामाणिक पंच दुसरा नाही. मग वरून खाली मोजावे. टाइल सात फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे २१३० मिलिमीटरपर्यंत, न्यावयाच्या आहेत. टाइल १०० व सांधा ३ मिळून एका थरास १०३. वीस थरांचे झाले २०६०. उरले ७०. म्हणजे सर्वांत वर अखंड टाइल आणि सर्वांत खाली, सांधे वजा जाता, उंच बाजूस सुमारे ६५ व जाळीकडे सुमारे ८५ मिलिमीटरचा तुकडा. खालचा तुकडा अर्ध्या टाइलहून अधिक राहिला हे चांगले झाले. या खालच्या थराच्या वरच्या रेघेवर एक सरळ पट्टी खिळ्यांनी पक्की करावी आणि काम त्या पट्टीवरून वर न्यावे. वरच्या टाइल घट्ट धरल्यावर पट्टी काढून खालचा थर उतारानुसार एकेक टाइल मोजून कापावा. जमिनीची फरशी आधी बसली असेल तर हे माप अचूक येते.

सोयीसाठी एक सरळ लाकडी पट्टी घेऊन तिच्यावर टाइल व सांधा यांच्या खुणा कराव्यात. ती भिंतीला लावून खिडकी, दाराची चौकट, आरशाची जागा यांपाशी तुकडा कोठे व किती येतो, ते टाइलचे खोके फोडण्यापूर्वी पाहता येते. खिडकीचा खालचा काठ सांध्याशी जुळत नसेल, तर एक-दोन सेंटिमीटरसाठी सारी रचना वर-खाली सरकविण्याची हीच वेळ. कोपरे काटकोनात आहेत किंवा नाहीत हे गुण्याने पाहावे. मोठ्या मापासाठी तीन, चार, पाच हा त्रिकोण घ्यावा : एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट, आणि त्या दोन खुणांतील अंतर बरोबर पाच फूट. हा कर्णाचा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात आहे. आमच्या वर्गात मुले पुष्कळदा विचारीत, "गुरुजी, पायथागोरसचे प्रमेय व्यवहारात कोठे लागते?" उत्तर देवपुरात विटा-सिमेंटाच्या रूपाने उभे आहे, त्यांनी येऊन पाहावे.

आता मोठ्या टाइलींचा पक्ष. त्यांचे म्हणणे अगदीच वाया घालविण्याजोगे नाही. २०० बाय १०० च्या टाइलने भिंत मढविली तर एका चौरस मीटरमध्ये १५ मीटर लांबीचे सांधे होतात. ६०० बाय ३०० च्या टाइलने केवळ ५ मीटर. सांधे तिप्पट, तेव्हा ते घासून स्वच्छ ठेवण्याचे कष्टही अधिक. आणि बोअरचे जड पाणी वापरले तर सांध्यांवर क्षाराचा पांढरा थर चढतो. हे खरे आहे. म्हणून छोट्या टाइल घ्यावयाच्या असतील, तर सांधे भरण्याच्या मसाल्यावर काटकसर करू नये. अंगावर पाणी पडते त्या भागात तरी इपॉक्सी जातीचा मसाला भरावा. तो महाग असतो, पण पाणी व डाग शोषून घेत नाही. दुसऱ्या बाजूने पाहता, लहान न्हाणीघरात नळ, पाइप व कोनाडे यांभोवती छोटी टाइल कापावयास सोपी, आणि एखादी फुटली तर थोडक्यात बदलता येते. मोठी टाइल विटांच्या रचनेत लावावयाची असेल तर आणखी एक पथ्य आहे. लांब टाइल भट्टीतून निघताना किंचित धनुष्यासारखी वाकते. तिचा मध्य टोकांपेक्षा केसभर वर राहतो. अर्ध्यावर सांधा ठेवला तर एकीचा उंच मध्य दुसरीच्या खालच्या टोकाशेजारी येतो आणि भिंतीवर हात फिरविला की बोटाला धार लागते. म्हणून सुमारे ३८० मिलिमीटरहून लांब टाइल असेल तर सांधा अर्ध्यावर न ठेवता एक-तृतीयांशापर्यंतच सरकवावा, असा जाणकारांचा नियम आहे. दोनशेच्या टाइलला ही चिंता नाही.

खरेदीविषयी थोडे. आपल्याकडे येणाऱ्या टाइलींपैकी पुष्कळ गुजरातेतील मोरबीच्या असतात. खोक्यावर छटेचा व मापाचा क्रमांक छापलेला असतो. सर्व खोकी एकाच क्रमांकाची घ्यावीत. पांढऱ्यातही पाच पांढरे असतात. मोजणीहून दहा टक्के अधिक घ्याव्यात आणि उरलेल्या फेकू नयेत, पुढील दुरुस्तीसाठी कुलपात ठेवाव्यात. सिमेंटच्या मसाल्यात बसवावयाच्या असतील तर भिंतीच्या सच्छिद्र टाइल आधी पाण्यात भिजवाव्या लागतात. पिशवीतून येणारा तयार चिकट मसाला वापरावयाचा असेल तर टाइल कोरड्याच लावावयाच्या. या दोहोंची गल्लत झाली की टाइल सुटलीच म्हणून समजा. खानदेशचा वैशाख आपणांस सांगावयास नको. त्या उन्हात भिंतीवर पसरलेला मसाला चटकन साय धरतो व मग टाइल त्याला चिकटत नाही. म्हणून एका वेळी थोड्याच जागेवर मसाला पसरावा, टाइल काढून पाहावी आणि तिच्या पाठीला मसाला सर्वत्र लागला आहे याची खात्री करावी. चार कोपऱ्यांत चार गोळे थापून टाइल दाबणे ही रीत त्याज्य आहे. दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून पाहिले की पोकळ टाइल आपणहून बोलते.

हे सर्व ऐकून कोणी म्हणेल, की एवढा विचार न्हाणीघरासाठी कशाला? बंधूंनो, आपण ज्या शहरात बसलो आहोत त्याकडे पाहा. पांझरेच्या पलीकडे, दक्षिण तीरावर, १८१९ च्या सुमारास कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्यास जिल्ह्याचे ठाणे केले आणि नव्या पेठेचे रस्ते सरळ आखले. क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या त्या गल्ल्यांतून आपण आजही न चुकता जातो. दोनशे वर्षांपूर्वी ओढलेली रेघ आजही उपयोगी पडते. ज्या विश्वेश्वरय्यांना देश थोर स्थापत्यविशारद म्हणून वंदन करतो, ते १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. पांझरेच्या एका प्रवाहाखालून पाण्याचा नळ नेणे हे त्यांच्या अगदी आरंभीच्या कामांपैकी होते. पुढे ज्यांनी धरणे बांधली, त्यांनी आधी एका नळाचे काम नीट केले. आणि गाडगे महाराजांनी तर हातात खराटा घेऊन सांगितले, की स्वच्छता हीच सेवा. त्यांनी धर्मशाळा उभारल्या त्या गरिबांची राहण्याची सोय व्हावी म्हणून. आमचे वसतिगृह त्याच जातीचे कार्य आहे.

आता शेवटची व आमच्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आज आपल्या जिल्ह्यात टाइल बसविणारे कुशल कारागीर पुष्कळसे राजस्थान, उत्तर प्रदेश, बिहार येथून येतात. ते घरदार सोडून येतात, कष्ट करतात आणि मानाने मिळवितात. त्यांच्याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु आपल्याच समाजातील तरुण पदविकेचा कागद हाती घेऊन नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहत ओट्यावर बसले आहेत. त्यांच्या हाती थापी दिली तर घरच्यांना कमीपणा वाटतो. आम्ही विचारतो, दोन मिलिमीटरचा हिशेब करणे, पाण्याच्या पातळीवर रेघ मारणे, काटकोन साधणे हे काम कमी कसे? यात अंकगणित आहे, भूमिती आहे, हात आहे आणि डोळा आहे. चार बुके शिकलेल्या मुलाने हे हाती घेतले तर तो अडाण्याहून चांगलेच करील. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत गवंडीकाम आहे. तिकडे आपली मुले वळत नाहीत, हा दोष मुलांचा नव्हे, आपल्या समजुतीचा आहे. लग्न जुळविताना "मुलगा काय करतो?" या प्रश्नाला "टाइलचे काम करतो" असे उत्तर आले, की आपण पत्रिका मिटवितो. ती उघडी ठेवावयास आपण शिकले पाहिजे.

म्हणून सभेपुढे आमची तीन मागणी-वजा विनंत्या आहेत. पहिली, गिलाव्याचे काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक न्हाणीघराच्या प्रत्येक भिंतीचे माप घेऊन तिची आखणी चौकटीच्या कागदावर काढावी आणि ती गवंडी व नळकारागीर या दोघांच्याही सह्यांनिशी कार्यालयात ठेवावी. टाइल मोठी घ्यावी की छोटी, हे समितीने ठरवावे; आखणी दोन्हींना लागते. दुसरी, प्रत्यक्ष काम सुरू होण्यापूर्वी एका भिंतीची रचना जमिनीवर कोरडी मांडून सभासदांना, विशेषतः भगिनींना, दाखवावी. ज्यांना रोज ती भिंत घासावयाची आहे, त्यांचे मत आधी घ्यावे. साबण ठेवावयाचा कोनाडा कोठे हवा, कपड्यांची खुंटी किती उंच हवी, हे समितीतील आम्हा पुरुषांपेक्षा त्यांस अधिक कळते. तिसरी, या कामावर जो अनुभवी मिस्त्री नेमाल त्याच्या हाताखाली समाजातील निदान चार तरुण रोजावर ठेवावे आणि काम संपेपर्यंत त्यांस तेथून हलू देऊ नये. हिशेबाची बाजू शिकविण्यास आम्ही स्वतः रोज सकाळी तेथे येऊ. त्याचे मानधन आम्हांस नको. नावे देऊ इच्छिणाऱ्यांनी सभा संपल्यावर चिटणिसांकडे द्यावीत.

पुढील वर्षी एखाद्या खेड्यातील आई आपल्या मुलीला घेऊन वसतिगृहात येईल. ती आमची भाषणे वाचणार नाही, देणगीदारांच्या नावांची पाटीही वाचणार नाही. ती न्हाणीघराचे दार ढकलील, भिंतीकडे पाहील, नळ सोडील आणि मुलीकडे वळून "राहा" म्हणेल. त्या एका शब्दासाठी आपण सर्वांनी आपल्या ऐपतीप्रमाणे पैसे दिले आहेत. त्या पैशांना आता रेघेची जोड द्यावी एवढेच मागणे करून आम्ही आपली रजा घेतो. 

जय हिंद, जय महाराष्ट्र.